नेमबाजांचे प्रश्न : हाताने भरलेले काडतूस पिस्तुलात का अडते?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आढळली. कारखान्यातून आलेली काडतुसे पिस्तुलात विनातक्रार चालतात, आणि स्वतःच्या बाकावर काळजीपूर्वक भरलेली मात्र मध्येच अडतात. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. उत्तरांकडे वळण्यापूर्वी शब्दांचा एक खुलासा आवश्यक वाटतो. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो आणि त्यामुळे पत्रांतही घोटाळा होतो. या सदरात ‘गोळी’ म्हणजे फक्त नळीतून बाहेर पडणारा भाग, ‘पुंगळी’ म्हणजे पितळी आवरण, आणि या दोहोंसह दारू व प्राइमर (ठोका बसताच दारू पेटवणारी तळातली टोपी) मिळून जे तयार होते ते ‘काडतूस’. अर्थात, पुढील सर्व विवेचन जिथे कायद्याने काडतुसे भरण्याची परवानगी आहे आणि ती ज्यांनी घेतली आहे, अशांसाठीच आहे.

प्रश्न : माझ्याकडे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आहे. सहा महिन्यांपासून मी स्वतः काडतुसे भरतो. दर मॅगझिनमागे (काडतुसांच्या पेटीमागे) एकदा-दोनदा स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पूर्ण पुढे जात नाही, दोन-तीन मिलिमीटर मागेच थांबते. तळहाताने मागून दाबले की ती बसते आणि बार व्यवस्थित उडतो. पिस्तूल स्वच्छ केले, स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग नवी घातली, तरी फरक नाही. काडतुसाची एकूण लांबी २९.५ मिलिमीटर ठेवली आहे, म्हणजे कमाल मर्यादेच्या आतच आहे. कारखान्याच्या काडतुसांना आजवर एकदाही अडचण आलेली नाही. दोष कुठे असावा?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. स्लाइड तळहाताने दाबून बसवण्याची सवय आजच सोडून द्या. काडतूस कशामुळे अडले हे ठाऊक नसताना ते जबरदस्तीने आत कोंबले, तर गोळी एकतर नळीतील रायफलिंगमध्ये (आतल्या पिळदार कंगोऱ्यांत) रुतते किंवा पुंगळीत मागे खचते, आणि दोन्ही प्रकारांत बार उडताना चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतला) दाब अपेक्षेपेक्षा वाढतो. शिवाय स्लाइड थोडी मागे राहिलेली असताना काडतूस पेटले, तर पुंगळीच्या तळाजवळच्या भागाला चेंबरच्या भिंतीचा आधार मिळत नाही आणि पितळ तिथेच फाटू शकते. म्हणून बोट चापापासून दूर ठेवावे, नळी सुरक्षित दिशेला धरावी, मॅगझिन काढावे आणि मग स्लाइड मागे ओढून अडलेले काडतूस बाहेर घ्यावे. ते साध्या ओढीने निघाले नाही, तर ठोकाठोक न करता पिस्तूल जाणत्या शस्त्रदुरुस्ती कारागिराकडे न्यावे. बाहेर निघालेले काडतूस मात्र फेकू नये, कारण दोष शोधण्यासाठी त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. त्याला वेगळ्या डबीत ठेवा.

आता मुद्द्याकडे येऊ. जुन्याच स्प्रिंगवर कारखान्याची काडतुसे सुरळीत चालत होती, यावरूनच स्प्रिंग निर्दोष होती हे बव्हंशी सिद्ध होते. संशय काडतुसावर घ्यायला हवा. नऊ मिलिमीटरचे हे काडतूस जॉर्ज लुगर यांच्या रचनेतून १९०२ साली आले. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला तळाशी बाहेर आलेली कड असते आणि ते त्या कडेवर टेकते, तशी कड याला नाही. हे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकते. पुंगळी वरवर पाहता सरळ नळकांड्यासारखी वाटली, तरी प्रत्यक्षात ती निमुळती आहे. तळाजवळ तिचा व्यास सुमारे ९.९ मिलिमीटर आणि तोंडाशी तो जास्तीत जास्त ९.६५ मिलिमीटर असतो. पुंगळीची कमाल लांबी १९.१५ मिलिमीटर आणि संपूर्ण काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिलिमीटर ठरलेली आहे. आपण या शेवटच्या आकड्यावर विसंबला आहात आणि बहुतेक नव्या भरणाऱ्यांची चूक नेमकी इथेच होते. एकूण लांबी गोळीच्या टोकापर्यंत मोजली जाते. रायफलिंगला मात्र टोक टेकत नाही, तर टोकाच्या मागे गोळी जिथे पूर्ण जाडीला येते तो खांदा टेकतो. टोकदार गोल नाकाची गोळी २९.५ मिलिमीटरवर सहज बसेल, पण बोथट, रुंद नाकाची किंवा खोलगट टोकाची गोळी त्याच लांबीवर त्याच नळीत रायफलिंगला जाऊन भिडेल. नळ्याही सारख्या नसतात. काही पिस्तुलांत चेंबरपासून रायफलिंगपर्यंतचे अंतर इतके कमी ठेवलेले असते की, दुसऱ्या पिस्तुलात निर्धोक चालणारे काडतूस तिथे अडकते.

त्यामुळे आपली नळी हेच आपले खरे माप, असे मी आवर्जून सांगतो. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून नळी बाहेर काढा, चेंबर स्वच्छ पुसा आणि नळीचे तोंड खाली करून ती हातात उभी धरा. आता अडलेले काडतूस वरून चेंबरमध्ये सोडा, दाबू नका. ते योग्य असेल तर ‘टक्’ असा स्पष्ट, धातूचा आवाज येतो, काडतुसाचा तळ नळीच्या मागच्या भागाशी जवळजवळ समपातळीत येतो, बोटाच्या टोकाने फिरवले तर ते सहज फिरते आणि नळी उलटी केली की स्वतःच्या वजनाने खाली पडते. या चारही गोष्टी एकत्र घडायला हव्यात. ‘टक्’ऐवजी मऊ, दबका आवाज आला, काडतूस फिरताना चिकटले, किंवा नळी उलटी करूनही ते आतच राहिले, तर दोष सापडण्याच्या आपण जवळ आलो आहोत असे समजा. तुलनेसाठी कारखान्याचे एक काडतूसही तसेच सोडून पाहा, म्हणजे आवाजातला फरक कानाला एकदाच कळतो आणि पुढे विसरत नाही.

नेमके कुठे घासते हे पाहण्यासाठी काळा, न पुसला जाणारा मार्कर लागतो. काडतुसाची गोळी आणि पुंगळी त्याने पूर्ण काळी करा, दोन मिनिटे वाळू द्या, मग नळीत सोडून अर्धा फेरा फिरवा आणि हळूच बाहेर काढा. खिडकीजवळ उजेडात काडतूस तिरपे धरले की काळ्या रंगावर उठलेले चकचकीत ओरखडे दिसतात, आणि ते जिथे असतील त्यावरून कारण ठरते. गोळीच्या खांद्यावर थोड्या-थोड्या अंतरावर छोटे, समांतर ठिपके उमटले असतील, तर ती रायफलिंगची खूण आहे आणि गोळी जास्त बाहेर बसली आहे. पुंगळीच्या तोंडाशी सलग चकचकीत वर्तुळ असेल, तर तोंड पुरेसे मिटलेले नाही. पुंगळीच्या मध्यावर, आत जिथे गोळीचा तळ येतो तिथे एकाच बाजूला घासल्याची खूण असेल, तर गोळी तिरकी बसली आहे. आणि ओरखडा तळाच्या खाचेच्या जरा वर असेल, तर पुंगळी खालपर्यंत मापात आलेली नाही.

आपण दिलेल्या वर्णनावरून मला पहिल्या दोन कारणांचा संशय सर्वाधिक आहे. पहिले ठरले, तर गोळी थोडी खोल बसवावी लागेल. प्राइमर आणि दारू नसलेले एक नकली काडतूस थोडे लांब बनवा, मग डायचा (भरणीच्या साच्याचा) गोळी बसवणारा दांडा थोडा-थोडा खाली घेत जा आणि प्रत्येक वेळी नळीत सोडून पाहा. ज्या लांबीवर ते पहिल्यांदा मोकळे फिरले, तिच्यापेक्षा आणखी ०.३ ते ०.४ मिलिमीटर कमी लांबी आपल्या कामाची, कारण सगळ्या गोळ्या एकाच आकाराच्या कधीच नसतात. इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. गोळी खोल बसली की पुंगळीतली मोकळी जागा घटते आणि त्याच दारूवर दाब वाढतो. नऊ मिलिमीटरच्या पुंगळीत मुळातच जागा थोडी असल्यामुळे हा परिणाम तीव्र असतो. म्हणून लांबी कमी केल्यावर जुन्या वजनाची दारू तशीच ठेवू नये. दारू बनवणाऱ्याच्या किंवा गोळी बनवणाऱ्याच्या छापील कोष्टकात त्याच गोळीसाठी दिलेल्या आरंभीच्या वजनापासून पुन्हा सुरुवात करावी, आणि कोष्टकात दिलेल्या लांबीपेक्षाही कमी लांबी लागत असेल, तर गोळीच बदलावी हे उत्तम.

दुसरे कारण ठरले, तर क्रिम्पकडे, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीवर मिटवण्याकडे, पाहावे लागेल. गोळी बसवण्याआधी आपण पुंगळीचे तोंड किंचित फाकवतो, ते फाकवणे नंतर पूर्ण सरळ व्हायला हवे. ते झाले की नाही हे साध्या बेरजेने कळते. गोळीचा व्यास ९.०२ मिलिमीटर आणि पितळाची जाडी दोन्ही बाजूंना सुमारे ०.२८ मिलिमीटर धरली, तर तोंडाशी ९.५८ मिलिमीटर येतात. कॅलिपरचा पातळ भाग अगदी कडेवर धरून ९.५७ ते ९.६२ या दरम्यान आकडा येत असेल, तर काम झाले. आपल्या पुंगळ्यांची जाडी वेगळी असेल, तर बेरीज आपल्याच मापांनी करा. ९.७० आला, तर फाकवलेले तोंड तसेच राहिले आहे आणि चेंबर त्याला अडवणारच. पण उत्साहाच्या भरात ९.४५ पर्यंत आवळूही नका. हे काडतूस तोंडावर टेकते, त्यामुळे तोंड गोळीत रुतवले की टेकायला जागाच उरत नाही. मग काडतूस केवळ एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) आधाराने लोंबते आणि कधी फायरिंग पिनचा ठोका हलका पडतो, तर कधी बार उडतच नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांसाठी असलेला वळवून दाबणारा क्रिम्प इथे वापरू नये, तो याच कारणासाठी.

माझ्या बाकावर एकदा असेच झाले होते. शंभर काडतुसांपैकी पंधरा-वीस अडत होती आणि बाकीची चालत होती, त्यामुळे मी डाय पुन्हा पुन्हा जुळवत राहिलो. शेवटी अडलेली सगळी एका ओळीत उभी केली तेव्हा दिसले की, ती सर्व एकाच बनावटीच्या पुंगळ्यांची होती. त्या पुंगळ्यांची भिंत जाड होती, त्यामुळे त्याच क्रिम्पवर त्यांचे तोंड मोठे राहत होते. पुंगळ्यांच्या तळावरचे शिक्के वाचून वर्गवारी केली असती, तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. आपण ‘दर मॅगझिनमागे एक-दोन’ असे लिहिले आहे. प्रत्येक काडतूस न अडता फक्त काही अडतात, तेव्हा मिसळलेल्या पुंगळ्यांचा विचार आधी करा. शेवटी एवढेच की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर किमान दहा काडतुसे नळीत सोडून पाहा. लांबी आणि क्रिम्प एकाच संध्याकाळी बदलले, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळणार नाही.

प्रश्न : भरलेले काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये चढवून पुन्हा काढले, तर त्याची लांबी जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी झालेली दिसते. क्रिम्प आणखी घट्ट केला तर हे थांबेल का? मी या कामात नवी आहे.

उत्तर : नाही, आणि तुम्ही विचारल्याबद्दल मला खरोखर समाधान वाटले, कारण अनेक जण काढलेले काडतूस मोजतच नाहीत. मॅगझिनमधून सुटलेले काडतूस फीड रॅम्पवर (चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर) नाक आपटते आणि त्या धक्क्याने गोळी पुंगळीत मागे सरकते. अर्धा मिलिमीटर हा लहान आकडा नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे मोकळी जागा घटून दाब वाढतो, आणि तेच काडतूस दोन-तीनदा चढवले तर गोळी दर वेळी आणखी खचत जाते. अशी काडतुसे वापरू नयेत. ठोकून गोळी सुटी करणाऱ्या हातोड्याने ती उघडावीत.

गोळीला धरून ठेवण्याचे काम मुख्यतः क्रिम्प करत नाही, पुंगळीच्या भिंतीची पकड करते. साइझिंग डायमध्ये (पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) पुंगळी गोळीच्या व्यासापेक्षा लहान होते, आणि तिच्यात गोळी शिरताना पितळ ताणले जाऊन तिला आवळते. शिशावर धातूचे कवच असलेल्या गोळीवर क्रिम्प फार आवळला, तर उलटा परिणाम होतो. गोळीच्या आतले शिसे दबते आणि दबलेलेच राहते, पितळ मात्र थोडे मागे उसळते, आणि त्यामुळे असलेली पकडही सैल पडते. पातळ तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळीत तर तोंडाची कड मुलाम्यातच घुसते.

म्हणून तोंड रुंद करणारा दांडा आधी मोजा. शिशाच्या गोळीसाठी बनवलेला दांडा कवचाच्या गोळीसाठी वापरला जाणे, ही चूक मी वारंवार पाहिली आहे. नऊ मिलिमीटरमध्ये कवचाची गोळी ९.०२ मिलिमीटरची आणि शिशाची बहुधा ९.०४ची असते. शिशाला मानवेल असा दांडा कवचाच्या गोळीची पकड पार घालवतो. दांड्याचा व्यास गोळीपेक्षा ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर कमी असावा. नंतर साइझिंग डाय शेल होल्डरला (पुंगळीचा तळ धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली आहे का ते पाहा, आणि शेवटी पातळ भिंतीच्या पुंगळ्या वेगळ्या काढा. चांगली पकड डोळ्यांनाही दिसते. प्रकाशात धरलेल्या काडतुसावर गोळीच्या तळाखाली पुंगळी किंचित बारीक होते, जणू तिला कंबर आहे. ती कंबर सर्व बाजूंनी सारखी असेल, तर गोळी सरळही बसली आहे.

तपासणीसाठी नकली काडतूस घ्या, त्याची लांबी लिहून ठेवा, नाक लाकडी बाकाच्या कडेला टेकवून दोन्ही अंगठ्यांनी पूर्ण जोराने दाबा आणि पुन्हा मोजा. लांबी बदलता कामा नये. मग तेच पिस्तुलात मॅगझिनमधून एकदा चढवून पाहा. ०.१ मिलिमीटरपेक्षा अधिक घट आली, तर बाकावर परत जा. ही सर्व तपासणी नकली काडतुसांवरच करावी. घरात जिवंत काडतुसे स्लाइडने चढवून-उतरवून पाहणे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. नकली काडतुसे ओळखू यावीत म्हणून, गोळी बसवण्याआधीच रिकाम्या पुंगळीच्या भिंतीला आरपार भोक पाडून घ्यावे.

प्रश्न : सरावासाठी मी मुद्दाम हलकी काडतुसे भरतो. रिकामी पुंगळी कधीकधी बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकते, तर कधी स्लाइड पुढे येते पण मॅगझिनमधले पुढचे काडतूस उचलतच नाही. लांबी आणि क्रिम्प दोन्ही बरोबर आहेत. आता काय तपासावे?

उत्तर : तुमचे काडतूस आत जाताना अडत नाही, तर स्लाइड पुरेशी मागेच जात नाही. काडतुसाच्या धक्क्याने स्लाइड मागे जाऊन पुंगळी बाहेर टाकते आणि मॅगझिनमधल्या काडतुसाच्या मागपर्यंत पोहोचते. धक्का अपुरा पडला, की पुंगळी पूर्ण बाहेर पडण्याआधीच स्लाइड परतते आणि तिला मध्येच पकडते, किंवा पुढच्या काडतुसाच्या तळामागे न जाता त्याच्यावरूनच सरकत पुढे येते. खात्री करायची असेल तर मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून बार उडवावा, आणि असे पाच-सहा वेळा करावे. मॅगझिन रिकामे झाल्यावर व्हायला हवी तशी दर वेळी स्लाइड मागे अडकून राहिली, तर तिची मजल पूर्ण आहे. मधूनच पुढे आली, तर नाही.

पिस्तूल धरणाऱ्या हाताची पकड सैल असली तरी हेच होते. अख्खे पिस्तूलच मागे जाते आणि स्लाइडला रेटा मिळत नाही. म्हणून आधी दुसऱ्या, अनुभवी नेमबाजाकडून तीच काडतुसे उडवून घ्या. त्याच्याही हातात अडली, तर दोन मार्ग उरतात. कोष्टकातल्या आरंभीच्या वजनाच्याही खाली आपण आला असाल, तर कोष्टकाच्या कक्षेत परत यावे. कक्षेत असाल, तर थोडी हलकी रिकॉइल स्प्रिंग वापरावी. पंचेचाळीस कॅलिबरच्या १९११ पद्धतीच्या पिस्तुलात नेहमीची स्प्रिंग १६ पौंडांची असते आणि लक्ष्यभेदाच्या हलक्या काडतुसांसाठी नेमबाज तिच्यापेक्षा हलकी वापरतात. त्या स्प्रिंगवर पूर्ण ताकदीची काडतुसे मात्र उडवू नयेत.

हलकी काडतुसे भरणाऱ्यांनी एक धोका कायम ध्यानात ठेवावा. दारू अगदीच कमी पडली किंवा एखाद्या पुंगळीत पडलीच नाही, तर गोळी नळीतच अडकू शकते. बाराचा आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, आणि स्लाइड हलली नाही, तर ती ओढून पुढचे काडतूस चढवण्याचा मोह तिथल्या तिथे आवरा. पिस्तूल रिकामे करा, नळी काढा आणि तिच्यातून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी सोडली, तर नळी फुगते किंवा फुटते.

प्रश्न : पंचेचाळीस कॅलिबरच्या पिस्तुलासाठी मी २०० ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) वजनाच्या, कापल्यासारख्या सपाट टोकाच्या आणि खांदा असलेल्या शिशाच्या गोळ्या भरतो. काडतूस वर तोंड करून चेंबरच्या कडेवर तिरके अडते. एका परिचिताने फीड रॅम्प घासून गुळगुळीत करण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?

उत्तर : कृपया मानू नका, निदान आधी तरी नको. जॉन ब्राउनिंग यांनी हे काडतूस गोल नाकाच्या गोळीसाठी आखले आणि १९११ सालचे पिस्तूलही त्याच्याभोवतीच रचले. गोल नाक रॅम्पवरून घसरत वर चढते. सपाट टोकाची कड मात्र त्याच वाटेवर टोचते. त्या पद्धतीच्या पिस्तुलात फ्रेमवरच्या रॅम्पचा कोन ३१.५ अंशांचा असतो, आणि रॅम्पची वरची कड व नळीची खालची कड यांच्यामध्ये सुमारे ०.८ मिलिमीटरची पायरी मुद्दाम ठेवलेली असते. हातातल्या फिरत्या यंत्राने रॅम्प घासताना हा कोन बदलतो, ही पायरी नाहीशी होते, आणि एकदा गेलेला धातू परत येत नाही. तुमच्या काडतुसाचा दोष मात्र बहुधा दहा मिनिटांत सुधारण्यासारखा असतो.

या आकाराच्या गोळीत टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा खांदा कुठे येतो हे महत्त्वाचे असते. गोळीच्या पूर्ण जाडीचा खांदा पुंगळीच्या तोंडाबाहेर साधारण ०.८ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाच्या जाडीइतका, दिसला पाहिजे. २०० ग्रेनच्या प्रचलित साच्याच्या गोळीत तेव्हा एकूण लांबी बहुधा ३१.७५ मिलिमीटरच्या आसपास येते, पण तुमची गोळी वेगळ्या साच्याची असेल, तर आकडा बाजूला ठेवून खांद्याकडेच पाहा. खांदा आत बुडाला, तर काडतूस आखूड होऊन चढताना डोके खाली घालते. फार बाहेर राहिला, तर तो रायफलिंगला भिडतो आणि स्लाइड पूर्ण मिटत नाही. तोंडाशी व्यास ११.९४ ते १२.०० मिलिमीटर ठेवा, कारण या काडतुसाची कमाल मर्यादा १२.०१ आहे आणि हेही तोंडावरच टेकते. गोळी बसवताना शिशाची बारीक साल निघून पुंगळीच्या तोंडाशी चिकटते. ती नखाने जाणवते आणि तेवढीही स्लाइड रोखायला पुरते. त्यासाठी तोंड किंचित अधिक फाकवा, आणि गोळी बसवणे व क्रिम्प देणे या दोन क्रिया वेगवेगळ्या टप्प्यांत करा. दोन्ही एकाच वेळी केल्या, तर खाली जाणाऱ्या गोळीवर तोंड मिटत जाते आणि शिसे खरवडले जाते.

त्यानंतर मॅगझिनकडे पाहा. त्याचे ओठ (वरच्या, आत वळलेल्या कडा) काडतूस किती लवकर सोडतात यावर ते वर किती उचलले जाईल हे ठरते. मूळ लष्करी घाटाचे मॅगझिन काडतूस हळूहळू सोडते. सपाट टोकाच्या गोळ्यांसाठी बनवलेले ते लवकर मोकळे करते. काडतूस वर तोंड करून अडत असेल, तर दुसऱ्या घाटाचे मॅगझिन घालून पाहणे हा रॅम्प घासण्यापेक्षा स्वस्त आणि परत फिरता येण्यासारखा प्रयोग आहे. एक्स्ट्रॅक्टरचा ताण आणि त्याच्या मागे साचलेली काजळीही तपासा, कारण या पिस्तुलात काडतुसाचा तळ खालून वर सरकत एक्स्ट्रॅक्टरखाली जातो, आणि ताण जास्त असेल तर तो तिथेच अडून राहतो.

प्रश्न : माझी काडतुसे बाजारात मिळणाऱ्या तपासणी मापात व्यवस्थित बसतात, तरीही पिस्तुलात अडतात. माप चुकीचे आहे का?

उत्तर : माप चुकीचे नाही, पण त्याचे काम मर्यादित आहे. अशी बरीच मापे पुंगळी आणि एकूण लांबी तपासतात. तुमच्या नळीत रायफलिंग कुठे सुरू होते हे त्यांना ठाऊक नसते, त्यामुळे लांब बसलेली गोळी त्यांच्यातून सहज सुटते. याच्या उलटही घडते. एक्स्ट्रॅक्टरच्या ओढीने तळाच्या कडेवर उठलेला बारीक टवका मापात अडतो आणि नळीत मात्र काडतूस नीट बसते. पहिल्या उत्तरातील नळीची कसोटी निर्णायक मानावी आणि माप मोठ्या संख्येतील काडतुसे झटपट पाहण्यासाठी ठेवावे. स्पर्धेची काडतुसे असतील, तर मी प्रत्येक काडतूस नळीत सोडून पाहतो.

प्रश्न : दोष काडतुसाचा की मॅगझिनचा हे लवकर कसे ओळखावे?

उत्तर : सर्व मॅगझिनांच्या तळावर रंगाने क्रमांक घाला आणि काडतूस अडले की मॅगझिनचा क्रमांक, मॅगझिनमध्ये ते कितवे होते आणि पुंगळीचा शिक्का हे तिन्ही लगेच वहीत लिहा. अडणे एकाच क्रमांकावर जमा झाले, तर त्याचे ओठ, स्प्रिंग आणि आतला मळ पाहा. नेहमी पहिले काडतूस अडत असेल, तर मॅगझिन ठासून भरल्यामुळे वरच्या काडतुसावर जादा दाब येत असावा. शेवटचे अडत असेल, तर स्प्रिंग थकली असावी. सगळ्या मॅगझिनांत विखुरलेले असेल, तर वही मिटून काडतूस मार्करने काळे करायला घ्या.